शंख कुणी फोडला

सुलू येणार म्हणून मी एका दिवसाची रजा मागितली, तेव्हा आमच्या स्टुडिओच्या मॅनेजरने कारण विचारलं. मी म्हटलं, सख्खी बहीण परदेशातून येते आहे. कुठून, तर गोव्यातून. तो पोट धरून हसला. गोवा कधीपासून परदेश झाला, म्हणाला. मी म्हटलं, तुम्ही एकदा जाऊन या, मग बोलू. माझी जीभ अशी आहे, त्यामुळे रजा मिळाली ती बिनपगारी.

खरं म्हणजे परदेशात मीच होतो. फोंड्याजवळच्या आमच्या गावात मी मराठी शाळेत मास्तर होतो. चोपन्न साली मी आणि आणखी दोघांनी पोर्तुगीज सरकारविरुद्ध पत्रकं वाटली. ते दोघे धरले गेले आणि मी रानातून चालत इकडे आलो. पुढे तिथल्या कोर्टाने माझ्या पाठीमागे मला आठ वर्षांची सजा सुनावली. पहिलं वर्षभर मुंबईत मला सभांना बोलावत, हार घालत. मग सरहद्द बंद झाली, हारही बंद झाले, आणि मी गोरेगावच्या या स्टुडिओत सामानाच्या कोठीवर लागलो. राजांचे मुकुट, लाकडी तलवारी, पत्र्याच्या समया सकाळी काढून द्यायच्या आणि संध्याकाळी परत लावून ठेवायच्या. इकडे येऊन तीन वर्षं होत आली. पत्रकं वाटल्याचा अभिमान कधी संपला ते मला नीट आठवत नाही, पण संपला एवढं खरं.

सुलू, म्हणजे सुलक्षणा, माझ्याहून चार वर्षांनी धाकटी. तिला आमच्याच गावात दिली आहे. आईची दृष्टी काचबिंदूने गेल्यापासून आणि नंतर ती अंथरुणाला खिळल्यापासून सुलूच दोन वेळा जाऊन तिचं सगळं करते. माझी पत्रंही तीच वाचून दाखवायची. मी ती कारवारच्या एका दुकानदाराकडे धाडायचो आणि तिथून कुणीतरी कनवटीला लावून पलीकडे न्यायचं. दर आठवड्याला एक. तीन वर्षांत एकही आठवडा मी चुकवला नव्हता.

सत्तावन्न सालच्या फेब्रुवारीत सुलूला परवाना मिळाला तोही माझ्या नावाने नव्हे. तिच्या नवऱ्याच्या आत्याचं मुंबईत ऑपरेशन होतं, त्या म्हातारीची सोबत म्हणून. दोन सरकारांचे दोन कागद घेऊन ती सरहद्द चालत ओलांडून कारवारला आली आणि तिथून गिरगावात त्यांच्या नातलगांकडे उतरली. पंधरा दिवसांच्या परवान्यातला एक दिवस तिने माझ्यासाठी काढला.

गोरेगाव स्टेशनवर ती उतरली तेव्हा मी आधी ओळखलंच नाही. केस पिकले होते. तिशीतल्या बाईचे केस इतके पिकत नाहीत. तिने पिशवी खाली ठेवली, माझा डावा हात हातात घेतला आणि अंगठा उलटासुलटा करून पाहिला. लहानपणी सुपारीच्या आडकित्त्यात सापडून माझ्या त्या अंगठ्याचं टोक आणि अर्धं नख गेलं आहे. मला वाटलं, बहिणीची माया आहे. आई माझा हात धरायची तेव्हा नेहमी तोच अंगठा मुठीत धरायची.

आम्ही भावंडं आपसात कोंकणीत बोलतो. इथे ते मराठीत लिहितो आहे, तेव्हा थोडंफार सांडणारच.

मी दिवसाचा बेत आखून ठेवला होता, एखाद्या नव्या जावयासाठी आखावा तसा. आधी माझी खोली, मग स्टुडिओ, मग खाणावळीत जेवण, मग वेसाव्याचा समुद्र. खोलीवर तिने पिशवीतून कोकमाची सोलं काढली, एक नारळ काढला. खाजंही आणलं होतं, पण ते सरहद्दीवरच्या शिपायांनी खाऊन टाकलं. चहा पिता पिता ती म्हणाली की तुझा एक सदरा दे, धुतलेला नको, अंगावरचा. मी खुंटीवरचा काढून दिला. आईला माझा वास हवा असेल असं वाटून मला भरूनही आलं. तिने सदरा घडी न घालता तसाच गुंडाळून पिशवीच्या तळाशी घातला.

आई कशी आहे हे मी चारदा विचारलं. चारही वेळा ती म्हणाली, आहे तशीच आहे.

स्टुडिओत त्या दिवशी काम बंद होतं. पहारेकरी माझ्या ओळखीचा, त्याने आत सोडलं. मी तिला राजवाडा दाखवला, तुरुंग दाखवला, आणि शेवटी मागच्या बाजूला नव्याने उभं केलेलं खेड्यातलं घर दाखवायला नेलं. कौलं, ओटा, अंगण, मधोमध तुळशीवृंदावन. सुलूने पायातल्या चपला काढल्या आणि वृंदावनाला हात जोडले. मला हसू आलं. मी जाऊन वृंदावनावर टकटक केली. आतून पोकळ आवाज आला. गोणपाट आणि प्लास्टर आहे, म्हटलं, तुळसही कागदाची आहे.

ती हसली नाही. चपला घालायचंही तिला सुचलं नाही. त्या खोट्या ओट्यावर ती बसली आणि म्हणाली, "भाई, आईचं फार दिवस नाही. डॉक्टर शिगम्यापर्यंत म्हणतो."

शिगम्याला, म्हणजे होळीला, महिना-सव्वा महिना होता. मी म्हटलं, मी येतो. रानातून आलो तसा रानातून जातो. ती म्हणाली की घरावर नजर आहे, दिवाळीत तिच्या नवऱ्याला नेऊन आठ दिवस ठेवलं होतं, माझं पत्र सापडलं एवढ्यावरून. तो परत आला तेव्हापासून त्याला डाव्या कानाने ऐकू येत नाही. हे तिने मला कधी कळवलं नव्हतं. तू आलास तर तू जाशीलच, म्हणाली, पण आमच्या घरात मागे कुणी उरणार नाही.

मग तिने सगळं सांगितलं. दसऱ्याला आईने तिला देवळात कौल लावायला पाठवलं होतं. आमच्याकडे देवीच्या अंगावर फुलांच्या ओल्या पाकळ्या लावतात आणि मनातला प्रश्न विचारतात. उजवीकडची पाकळी पडली तर होकार, डावीकडची पडली तर नकार. आईचा प्रश्न एकच होता, मी मरायच्या आधी बाब येईल का. आई मला बाब म्हणते. पाकळी डावीकडची पडली. भटजींच्या हातापाया पडून सुलूने पुन्हा कौल लावायला लावला. पुन्हा डावीकडची.

"घरी आले तर आई उठून बसली होती," सुलू म्हणाली. "महिनाभर उठली नव्हती. माझ्या तोंडून देवीने उजवा कौल दिला असंच आलं. देवीच्या कौलावर मी खोटं बोलले, भाई. आता ते निस्तरायला हवं."

कौलावर खोटं बोलणं म्हणजे काय हे आमच्याकडच्या माणसालाच कळेल. ज्याने तसं केलं त्याच्या घराची वाट लागते, असं आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. आणि आई तेव्हापासून रोज दाराकडे तोंड करून निजते. बाब आला का, एवढंच विचारते.

निस्तरणार कसं, ते मी विचारलं. सुलू अंगणातल्या खोट्या मातीकडे पाहत म्हणाली, "गुणाजी तुझ्या अंगलोटाचा आहे."

गुणाजी आमच्या शेजारचा. त्याची आई तो पाच वर्षांचा असताना वारली, आणि तो आमच्याच ओट्यावर, आमच्याच आईच्या हातचं जेवून वाढला. सुलूने आणि त्याने असं ठरवलं होतं की दुपारी गाव झोपलेलं असताना गुणाजीने आईजवळ जाऊन बसायचं, मी म्हणून. बाब लपून आला आहे, मोठ्याने बोलता येत नाही, असं आईला सांगायचं. म्हणजे आवाजाचा प्रश्न मिटला. डोळ्यांनी तिला दिसत नाही. सदरा माझा असणार. तेव्हा कुठे मला सदऱ्याचं कळलं.

मी तिला नको ते बोललो. सगळं इथे लिहीत नाही. आईला फसवताय, जिवंत माणसाच्या जागी दुसरा बसवताय, असं काय काय म्हणालो. ती ऐकून घेत होती. शेवटी मी जिंकल्यासारखा म्हणालो, "आणि अंगठा? ती पहिल्यांदा अंगठाच चाचपेल."

सुलूने चपला पायाने जवळ ओढल्या.

"मार्गशीर्षातच केलं त्याने," ती म्हणाली. "आपल्याच घरातल्या आडकित्त्याने. मी नको म्हणत होते. आता जखम भरली आहे."

स्टेशनवर तिने माझा अंगठा का पाहिला ते आता कळलं. नमुना बरोबर जुळतो का, ते ती पडताळून बघत होती. मला गुणाजीचा राग आला, आणि त्याहून जास्त मत्सर वाटला. मी पत्रकं वाटून देशासाठी काय दिलं ते देवाला माहीत. त्याने एका परक्या म्हातारीसाठी बोट दिलं होतं.

मग खाणावळीत गेलो. तिने भात चिवडला. मी तिच्या पानातला मासाही खाऊन टाकला, राग आला की मला भूक लागते. तिथून बसने अंधेरी आणि दुसऱ्या बसने वेसावं. कशाला गेलो कोण जाणे. बेत आखला होता म्हणून गेलो. कोळणी बोंबील वाळत घालत होत्या. सुलूने एका टोपलीतले बांगडे सवयीने उलटून कल्ले पाहिले आणि टोपली तशीच ठेवली. आम्ही वाळूत बसलो. दक्षिणेकडे नुसतं धूसर पाणी दिसत होतं आणि आम्ही दोघेही तिकडेच बघत होतो.

तिथे तिने मला आपण कशासाठी आलो ते सांगितलं. आई म्हणाली होती की बाब आला की मी त्याला पहिल्यांदा एकच विचारणार, देवघरातला शंख कुणी फोडला. सुलूला वाटत होतं की आईला खात्री करून घ्यायची आहे, आलेला माणूस खरा बाबच आहे का याची.

"शंख तू फोडलास हे सगळ्या गावाला ठाऊक आहे," ती म्हणाली. "मग ती विचारते कशाला? यात काही वेगळं आहे का, भाई?"

"वेगळं काय असणार? मीच फोडला," मी म्हटलं. "त्याला तेवढंच सांगायला सांग."

हे खोटं होतं. मी समजून उमजून खोटं बोललो. गुणाजीने ‘मी फोडला’ असं म्हटलं की आईला त्याच क्षणी कळलं असतं की हा बाब नव्हे, आणि मला तेच हवं होतं. माझी जागा आईने कुणाला देऊ नये. ती मरणाच्या दारात आहे, हे जाणूनही मला ते हवं होतं. माणूस किती हलका होऊ शकतो ते मला त्या वाळूत बसून कळलं.

सुलूने मान हलवली. तिला हायसं वाटलेलं दिसलं. मग ती आपणहून बोलायला लागली. आई हल्ली काय खाते, कशी निजते. पलीकडे कुणी चाललं की पावलं ऐकून सांगते, हा बाब नव्हे, बाब उजवा पाय जरा घासत चालतो. गुणाजी म्हणे महिनाभर उजवा पाय घासत चालतो आहे, बागेतसुद्धा, सवय व्हावी म्हणून. गावातली पोरं त्याची थट्टा करतात. सुलूही थट्टेच्याच सुरात सांगत होती, पण तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि ते तिने पुसलं नाही.

वेसाव्याहून अंधेरीला परत येईपर्यंत मी बसच्या खिडकीबाहेर बघत होतो. स्टेशनवर गाडीला पंधरा मिनिटं होती. बाकावर बसल्यावर मी तिला म्हटलं, ऐक, शंख मी नाही फोडला.

मी नऊ वर्षांचा होतो. आई त्या दिवशी बाहेरची होती, म्हणजे तिला चार दिवस देवघरात जायला बंदी होती. घरात मी आणि ती दोघंच, सुलू बाबांबरोबर बाहेर गेलेली. देवघरातला दिवा कलंडला आणि देवांखालच्या वस्त्राने पेट घेतला. मी ओरडलो. आई धावत आत गेली, हाताने वस्त्र विझवलं, आणि त्या धांदलीत शंख खाली पडून फुटला. आमच्या पणजोबांच्या वेळचा शंख. ती बाहेरची असताना देवघरात शिरली हे बाबांना कळलं असतं तर त्यांनी तिला माहेरी धाडलं असतं, आणि परत आणलं असतं की नाही सांगता येत नाही. तसे बाबा कडक होते. ते आल्यावर मीच म्हणालो, मी फोडला. बाबांनी मला वेताच्या छडीने मारलं आणि आई पलीकडच्या खोलीत बसून राहिली. तिला आत येऊन मला जवळही घेता येईना, कारण तिने मला शिवायचं नव्हतं. चौथ्या दिवशी न्हाल्यावर तिने मला जवळ घेतलं आणि हे कुणाला सांगू नको म्हणाली. पंचवीस वर्षं मी सांगितलं नव्हतं.

सगळ्या जन्मात सुलूने मला शंख फोडणारा भाऊ म्हणून चिडवलं होतं.

"म्हणजे ती खात्री करून घ्यायला विचारत नाही," ती म्हणाली.

"नाही. तिला वाटतं, त्या विटाळामुळे मी देशोधडीला लागलो. आणि मला तेव्हा फार लागलं का, हे तिने कधीच विचारलं नाही. ते विचारायचं असणार."

मग मी तिला शिकवलं. गुणाजीने म्हणायचं, शंख तू फोडलास आई, दिवा कलंडला होता. आणि पुढे म्हणायचं, मला लागलं नव्हतं. छडी बाबांनी हळूच मारली होती. सुलूने शाळेतल्या मुलीसारखं दोनदा म्हणून दाखवलं. लागलं नव्हतं, हळूच मारली होती. तिसऱ्यांदा म्हणताना ती मध्येच थांबली. मला चांगलं आठवतं, फार लागलं होतं. पण ते सांगायचं नव्हतं.

गाडीची वेळ झाली. मी खिशातून त्या आठवड्याचं पत्र काढलं, आदल्या रात्री लिहिलेलं. कारवारला टाकण्यापेक्षा तिच्याचबरोबर द्यावं म्हणून ठेवलं होतं. चार पानं होती.

सुलूने ते घेतलं नाही.

"भाई, आता पत्र लिहू नकोस," ती म्हणाली. "तू घरी आलायस ना."

ती बायकांच्या डब्यात चढली. पिशवीत माझा सदरा होता. मी हात हलवला की नाही, आठवत नाही.

मी पत्र लिहिलं नाही. एक आठवडा गेला, दुसरा गेला. रविवारी सवयीने कागद काढायचो आणि परत ठेवून द्यायचो. स्टुडिओतलं ते घर मोडलं आणि वृंदावन माझ्या कोठीत येऊन पडलं. शिगमा होऊन गेला तरी काही कळेना, आणि विचारावं तर कुणाला, कसं.

चैत्रात गिरगावातून एक माणूस चिठ्ठी घेऊन आला. सुलूने नावं न घालता लिहिलं होतं. आई शिगम्याच्या आधी चार दिवस गेली. तो रोज दुपारी येऊन बसत होता. पहिल्याच दिवशी तिने अंगठा चाचपला आणि शेवटपर्यंत मुठीत धरून राहिली. त्याला माझ्या बाळा म्हणायची, डोक्यावरून हात फिरवायची. आपलं सगळं नीट पार पडलं. शंखाचं तिने एकदाही विचारलं नाही, इतकी तिची खात्री पटली होती. देवीने मला माफ केलं असं वाटतं.

मी चिठ्ठी दोनदा वाचली. माझ्या बाळा. मला ती कधीच बाळा म्हणाली नाही. बाळा ती गुणाजीला म्हणायची, त्याची आई वारली तेव्हापासून.

म्हणजे तिला पहिल्या दिवशीच कळलं होतं. कळलं, आणि त्या पोराने आपलं बोट कापून घेतलं आहे हेही कळलं, म्हणून तिने त्याचा अंगठा सोडला नाही आणि कुणाला काही बोलली नाही. शंखाचं मात्र तिने विचारलं नाही. ते माझ्यासाठी ठेवलं होतं, आणि मी आलो नाही हे समजून ती गेली. शेवटचा महिनाभर तर तिला माझं पत्रही नव्हतं.

त्या दिवशी मी नळावर डोक्यावरून अंघोळ केली. शेजारच्यांनी विचारलं, कोण गेलं. मी म्हटलं, आई. कधी, तर महिना झाला. बरोबर कोण होतं, त्यांनी विचारलं, आणि मी म्हणालो, मुलगा होता.